कनकीची माती

भंडारा-पवनी एसटीत मी दहा किलोची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "का हाये जी याच्यात? लगेज लागन."

"माती," मी म्हणाले. तोंडातून खरं निघून गेलं.

"माती? इकत आनली?"

"हो."

त्याने पिशवीवरचं गुबगुबीत परदेशी मांजर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अड्याळले मातीचा तुटवडा पडला का जी?" मागच्या सीटवरच्या दोन बाया हसल्या. लगेज मात्र त्याने लावलं नाही. मातीचं काय लगेज लावायचं, असं वाटलं असेल.

घरी पोचल्यावर हाच प्रसंग पुन्हा झाला. आईने विचारलं, हे काय? मी म्हणाले, लिटर. ती म्हणाली, किती लिटर? मी सांगितलं, मांजरीच्या शी-शूसाठी लागते ती माती. आई काही बोलली नाही, ओट्यावरचा डबा उचलून परत तिथेच ठेवला. बाबांनी किंमत विचारली. आठशे रुपये. ते थोडा वेळ गप्प राहिले. 2023-24 च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2,183 रुपये होता, आणि बाबांना असे आकडे तोंडपाठ असतात. "म्हंजे एक किलो मातीले साडेतीन-पावनेचार किलो धान," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, नुसता हिशोब होता. पण मला तो लागला.

मी त्या दिवाळीत पुण्याहून घरी आले ती सणासाठी नाही. कंपनीने आमची अख्खी टीम कमी केली होती, खोलीचं भाडं परवडत नव्हतं, आणि मिळालेलं नवीन काम घरून करायचं होतं. सोबत एक लॅपटॉप, दोन बॅगा आणि मोका. मोकाला पुण्यात एका दुचाकीने उडवलं होतं. मागचा एक पाय कायमचा वाकडा झालाय, ती उडी मारू शकत नाही, पळाली तर तिरपी पळते. "सोडून दे बाहेर, वावरात जाईल, गावातल्या मांजरी का डब्यात बसतात का," असं मला पहिल्या आठवड्यात पाच जणांनी सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं. पण आमच्या गल्लीत सात कुत्री आहेत आणि मोकाला तीनच पाय चालतात.

बाबांनी तिला मोका म्हणायला नकार दिला. हे नाव चहाचं का कॉफीचं, असं विचारून त्यांनी तिला कनकी म्हणायला सुरुवात केली. मिलमध्ये तांदूळ सडताना जो तुटतो, तो कनकी. पाय तुटका म्हणून कनकी. मला आधी वाईट वाटलं, पण आठ दिवसांत ती त्याच नावाला ओ द्यायला लागली.

आता मुद्द्यावर येते. बाबांनी सव्वीस वर्षं राईस मिलमध्ये काढली, त्यातली बहुतेक धान ओतायच्या खड्ड्यापाशी. ट्रकमधून पोतं रिकामं झालं की तिथे जे उठतं त्याला आमच्याकडे गर्दा म्हणतात. तोंडाला दुपट्टा, डोक्याला दुपट्टा, आणि संध्याकाळी पापण्या पांढऱ्या. लहानपणी मला वाटायचं बाबा रोज म्हातारे होऊन घरी येतात आणि अंघोळ केली की परत तरुण होतात. 2019 मध्ये डॉक्टरांनी सीओपीडी असं लिहून दिलं. तेव्हापासून दोन पंप, थंडीत वाफ, आणि आईचा कान कायम त्यांच्या श्वासाकडे. आमच्या घरात धूळ हा विषय साफसफाईचा नाही.

आणि मी त्या घरात दहा किलो माती विकत आणली होती.

पहिल्याच दिवशी मी पिशवी ट्रेमध्ये ओतली तेव्हा उन्हाच्या तिरिपेत धुराचा लोट उठावा तसा तो उठला. बाबा दारात होते. खोकले नाहीत, पण उभ्या जागी श्वास धरला आणि मागे सरकले. ते अंगात भिनलेलं होतं. रात्री मात्र खोकला लागला. आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी वाचायला बसले. मांजरीची माती हा प्रकार इतका जुना नाही. 1947 च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅसोपोलिस गावी एड लोव नावाच्या तरुणाकडे एक शेजारीण आली. तिच्या मांजरीच्या डब्यात ती चुलीची राख घालायची आणि मांजर काळे पाय घेऊन घरभर फिरायचं. तिला रेती हवी होती, पण ती गोठलेली. लोवचा धंदा कारखान्यांत सांडलेलं तेल शोषणाऱ्या गोष्टी विकण्याचा. त्याने तिला दाणेदार माती दिली, फुलर्स अर्थ. म्हणजे आपली मुलतानी माती ज्या जातीची, त्याच जातीची. बाई खूश झाली. मग त्याने दहा पिशव्या भरल्या, वर किटी लिटर असं लिहिलं आणि 65 सेंट किंमत ठेवली. दुकानदार म्हणाला, रेती फुकटात पडलीये, हे कोण घेणार? लोव म्हणाला, मग फुकट वाट. हे वाचून मी आईला सांगितलं की बघ, तिकडच्या दुकानदाराने पण अगदी तुझ्यासारखंच विचारलं होतं. आई म्हणाली, त्या दुकानदाराले दमा होता का?

मी आणलेली माती वेगळी होती, बेंटोनाइट. हिची गंमत अशी की ओली झाली की फुगते आणि घट्ट गोळा होते, म्हणजे तेवढा गोळा उचलून टाकता येतो. या मातीचे पापुद्रे पत्त्याच्या कॅटसारखे एकावर एक असतात आणि पाणी दोन पत्त्यांच्या मधे शिरतं. आपल्याकडे ती कच्छमधून आणि राजस्थानात बाडमेरकडून निघते. मांजरांसाठी गोळा होणारी माती 1980 च्या दशकात आली, त्याआधी सगळा डबाच बदलावा लागायचा. वासाच्या बाबतीत हिला तोड नाही. पण दाणे एकमेकांवर घासतात, मांजर उकरतं, आपण ओततो, प्रत्येक वेळी बारीक भुकटी उडते. आणि या मातीत थोडं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका असू शकतं. खाणीत आणि दगड फोडण्याच्या कामात वर्षानुवर्षं फुफ्फुसात गेली तर जीव घेणारी हीच ती सिलिका. एका डब्यातली भुकटी कुठे आणि खाण कुठे, हे मलाही कळतं. धडधाकट माणसाच्या घरात मी एवढा विचार केला नसता. पण ज्याच्या छातीत आधीच सव्वीस वर्षं साठलीत, त्याला अजून चमचाभर का द्यायची?

मग सुरू झाले प्रयोग. गावात जे जे फुकट मिळतं ते सगळं मी कनकीच्या डब्यात घालून पाहिलं.

राख आधी. आईचीच सूचना. तिच्या माहेरी मांजर चुलीच्या राखेतच जायचं. आमच्याकडे गॅस असला तरी पाणी तापवायला अंगणात चूल पेटते, राख भरपूर. दोन दिवसांत घरभर राखाडी पावलं, थेट मिशिगनसारखी. पण खरा घोळ वासाचा झाला. तिसऱ्या दिवशी डब्याजवळ गेलं की डोळ्यांतून पाणी. कारण साधं आहे, मला उशिरा कळलं. ताज्या मुतात अमोनिया जवळजवळ नसतोच, असतो युरिया. जिवाणू तो फोडतात तेव्हा अमोनिया तयार होतो. तो आम्लाजवळ बांधून राहतो आणि क्षाराजवळ मोकळा सुटतो. राख म्हणजे क्षारच. शाळेत लिटमस पेपरवर मार्क घेतले होते मी, ते असे वाया गेले.

रेती. वैनगंगेच्या काठच्या भागात रेतीची काय कमी? धुऊन वाळवलेली रेती धूळ करत नाही, कनकीला आवडलीही. पण रेती काही शोषत नाही. सगळं खाली जाऊन तळाशी साचतं. शिवाय पंजातून गळालेला एक एक खडा आईच्या पायाखाली यायचा आणि ती दर वेळी माझं पूर्ण नाव घ्यायची.

कोंढा. धानाचा कोंढा आमच्या जिल्ह्यात डोंगरांनी पडलेला असतो, शंभर किलो धानामागे वीसेक किलो निघतो. हलका, कोरडा, फुकट. बाबांनी ऐकताक्षणी मान हलवली. "कोंढा पानी पीत नाही," ते म्हणाले. खरंच, त्यावर पाणी टाकून पाहिलं तर घरंगळून गेलं. त्याच्या सालीतच सिलिका असते, म्हणून तो गुरंसुद्धा धड खात नाहीत. आणि त्याचा गर्दा तर बाबांनी जन्मभर खाल्लेला. मग मिलच्या बॉयलरमधली कोंढ्याची काळी राख? ती पाणी पिते, पण ती बहुतांश सिलिकाच आणि मैद्याहून बारीक. मी नुसतं विचारलं. बाबा म्हणाले, "ते घरात आनशील तर मी बाहेर झोपीन."

आरामशीनवरचा लाकडाचा भुसा. वास छान, शोषतोही. पण करवतीचा भुसा म्हणजे निम्मी भुकटीच, आणि सागाची भुकटी नाकाला झोंबते.

या सगळ्यात दीड महिना गेला. कनकीनेही मत दिलं. दर चार दिवसांनी डब्यात नवी वस्तू पाहून ती कंटाळली आणि एका सकाळी बियाण्याच्या धानाच्या पोत्यावर जाऊन बसली. मांजर डब्याबाहेर गेलं की लोक त्याला हट्टी म्हणतात. बहुतेक वेळा डबा चुकलेला असतो, किंवा मांजर आजारी असतं. इथे डबा चुकला होता. पण पोतं भिजलं ते भिजलंच.

त्या रात्री जेवताना मी सांगून टाकलं की पुण्यातली एक मैत्रीण कनकीला ठेवून घ्यायला तयार आहे, रविवारी नेऊन सोडते. आई म्हणाली बरं होईल. बाबा काही बोलले नाहीत. भातातला दुधाचा काला करून त्यांनी नेहमीसारखा बोटभर बाजूला काढला आणि कनकीसमोर ठेवला.

शुक्रवारी दुपारी माझा कॉल चालू होता. आई हनुमानाच्या देवळात गेली होती. कॉल संपवून मी बाहेर आले तर बाबा अंगणात, तोंडाला दुपट्टा बांधून, वाऱ्याला पाठ करून उभे. हातात सूप. सुपात माझी आठशे रुपयांची माती. ते ती उफणत होते. सूप वर जायचं, माती खाली पडायची आणि पांढरट पट्टा वाऱ्याबरोबर रस्त्याकडे निघून जायचा. शेजारी पसरलेल्या चादरीवर साफ केलेल्या दाण्यांचा ढीग, जवळपास अर्धी पिशवी झालेली. मी ओरडले. त्यांनी हाताने थांब अशी खूण केली आणि दुपट्ट्याआडून म्हणाले, "गर्दा निंगला सारा. पाह्य. आता उडत नाही."

आणि खरंच उडत नव्हता. त्यांनी मूठभर दाणे उचलून उन्हात सोडून दाखवले. माती सरळ खाली पडली.

मग वारा फिरला. आमच्याकडे दुपारी तो असा फिरतो हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

संध्याकाळी सहापर्यंत त्यांना वाक्य पूर्ण करता येईना. शेजारच्या काकांच्या गाडीतून भंडाऱ्याला नेलं. मास्क, वाफ, सलाइन. एक रात्र, एक दिवस. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. आईने मला काहीच म्हटलं नाही, आणि ते म्हणण्यापेक्षा वाईट होतं. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्या वैतागल्या, मग म्हणाल्या की मांजरीची ॲलर्जी असती तर ती दीड महिना आधीच दिसली असती असं वाटतं, तरी मांजर त्यांच्या खोलीत झोपू देऊ नका. मांजरीच्या लाळेतलं प्रथिन केसांवर वाळून हवेत जातं, त्याचा त्रास वेगळा. पण आत्ता जे झालंय ते धुळीने झालंय. धूळ बंद करा.

मी म्हणाले, मांजरच नेऊन सोडते. बाबांनी मास्क वर केला. "मी उफनलं ते कायले उफनलं मग?"

रविवारची गाडी मी चुकवली.

त्यानंतर बाबा या विषयातले तज्ज्ञ झाले. मी फोनवर जाहिराती वाचून दाखवायचे आणि ते उडवून लावायचे. 'नव्व्याण्णव टक्के धूळमुक्त'. "टक्का वजनाचा का गिनतीचा?" मी गप्प. दहा किलोतला एक टक्का म्हणजे शंभर ग्रॅम, आणि शंभर ग्रॅम गर्दा म्हणजे काय हे ज्याने खड्ड्यापाशी काम केलंय त्यालाच कळतं. 'लॅव्हेंडर सुगंधित'. "वासावर वास टाकला का घान जाते का?" जात नाही. अमोनिया तसाच राहतो, वर फुलं येतात, आणि मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, त्यामुळे तेच आधी डब्याला पाठ फिरवतं. खाण्याचा सोडा टाका असाही एक सल्ला सगळीकडे सापडतो. सोडा आंबट वासांवर चालतो. अमोनिया स्वतःच क्षार, त्याला सोडा काय करणार? राखेने एवढं तरी शिकवलं होतं.

त्यांनी मला धूळ पाहायची पद्धत शिकवली. जड धूळ लगेच बसते, तिची भीती नाही, ती झाडता येते. जी दिसत नाही आणि तरंगते, ती खरी. म्हणून खोली अंधारी करायची, एका बाजूने टॉर्च लावायचा, वाटीभर माल हातभर उंचीवरून ताटात ओतायचा आणि मनात शंभर मोजायचे. शंभरानंतरही उजेडाच्या पट्ट्यात कण नाचत असतील तर माल वापस. हा प्रयोग मी करायचे, आईची साडी पडद्याला लावून, आणि बाबा बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. "झाले का शंभर?" "झाले." "हाये का?" "आहेत." "वापस."

सिलिका जेलचे पांढरे खडे धुळीत पास झाले. ही काचेसारखी निराकार सिलिका, खाणीतल्या स्फटिकासारखी नाही. वासही छान धरते. पण कनकीच्या वाकड्या पायाला ते टोचत असावेत, तिने एकदा पाय ठेवला आणि झटकला. सोयाबीनच्या चोथ्याची, टोफू लिटर म्हणतात ती, सगळ्यांना आवडली. धूळ नाममात्र, गोळा होतो. विदर्भात एवढं सोयाबीन पिकतं आणि त्याच्या चोथ्याची मांजरमाती कुरियरने बाहेरून येते, यावर बाबांनी अर्धा तास भाषण दिलं. मात्र जुलैच्या पावसात ती पिशवीतच दमट झाली आणि तिच्यात सोंडे झाले. शेवटी आम्ही लाकडाच्या पेलेट्सवर आलो. भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्यांसारख्या कांड्या. कोरड्या असताना धूळ करत नाहीत, ओल्या झाल्या की फुटून ओलसर भुसा होतो, आणि ओला भुसा उडत नाही. दोन मजली ट्रे घेतला, वरच्याला भोकं. हलवलं की भुसा खाली, कांड्या वर. आईने तो पाहून म्हटलं, ही तर चाळणीच झाली, हे आधी का नाही सांगितलं?

कनकीला पंधरा दिवस लागले. टोफूत मूठ मूठ कांड्या मिसळत गेले. एकदम बदल करायचा नाही, हे पोत्याने शिकवलं होतं.

वासाबद्दल एक सांगायचं राहिलं. मांजराच्या मुताचा तो खास उग्र दर्प नुसत्या अमोनियाचा नसतो. त्यांच्या शरीरात फेलिनीन नावाचं एक द्रव्य बनतं, त्यात गंधक असतं, ते फुटलं की तो वास. नसबंदी न केलेल्या बोक्यात सगळ्यात जास्त. म्हणजे महाग माती घेण्याआधी मांजराची नसबंदी करणं स्वस्त पडतं. आणि हे शोधताना मला कलकत्त्याच्या रतनलाल ब्रह्मचारींचं काम सापडलं. त्यांनी वाघाच्या खुणेच्या फवाऱ्याचा अभ्यास केला आणि त्यात बासमती तांदळाला वास देणारंच रसायन सापडलं. उमरेड-पवनी-कऱ्हांडलाचं जंगल आमच्यापासून फार लांब नाही. मी बाबांना सांगितलं की वाघाच्या मुताला सुगंधी तांदळाचा वास येतो. ते बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "चिन्नोरचा का बासमतीचा?"

रोज सकाळ-संध्याकाळ घाण काढणं, याला मात्र कुठलीच पिशवी पर्याय नाही. जिवाणूंना वेळच द्यायचा नाही. डबा आता मागच्या पडवीत, बाबांच्या खोलीपासून लांब, वारा घराबाहेर जातो त्या कोपऱ्यात. जागा त्यांनीच ठरवली, उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहून. कनकी त्यांच्या खोलीत झोपत नाही असं आम्ही डॉक्टरांना सांगतो. बहुतेक रात्री ते खरं असतं.

यंदा कंपनीने आठवड्यातले तीन दिवस पुण्यात बोलावलं. मी कनकीला न्यायची तयारी केली, पिंजरा काढला. आईने तो परत माळ्यावर ठेवला. "तिची आदत इथली झाली," एवढंच म्हणाली. आता डबा तीच पाहते, जुन्या झाऱ्याने.

परवा तिचा फोन आला. नवीन पिशवी आली होती. अंधार, टॉर्च, ताट, सगळं तिनेच केलं, साडीसकट.

"या खेपेचा माल बारीक हाये म्हनतात तुये बाबा. शंभरच्या वर मोजले मी. वापस कसा करायचा ते सांग."